डेटाबेसच्या दारात कोण उभं आहे?

आजचा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. डेटाबेसला या क्षणी कोणती यंत्रं जोडलेली आहेत, हे ओळखायचं कसं? पण खरं तर हा ज्ञानाच्या साधनांचा, म्हणजे प्रमाणांचा प्रश्न आहे.

उदाहरण म्हणून पोस्टग्रेस घेऊ. त्यात ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ हा तक्ता विचारला की प्रत्येक जोडणीची एक ओळ मिळते. कोणत्या वापरकर्त्याच्या नावानं, कोणत्या आयपी पत्त्यावरून, कोणत्या पोर्टवरून, कधीपासून. शिवाय ‘ॲप्लिकेशन_नेम’, म्हणजे प्रोग्रॅमचं नाव. सगळं एका ओळीत असल्यामुळे सगळंच सारखं खरं वाटतं. इथंच आपण थांबायला हवं.

आयपी पत्ता सर्व्हरनं स्वतः पाहिलेला असतो, कारण उत्तर त्याच पत्त्यावर पाठवायचं असतं. हे झालं प्रत्यक्ष. प्रोग्रॅमचं नाव मात्र समोरच्यानं सांगितलेलं असतं. तो काहीही सांगू शकतो. हे झालं शब्दप्रमाण. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह असेल तरच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर ‘होस्ट_नेम’ हे यंत्राचं नावसुद्धा क्लायंटच कळवतो. नाव यंत्राचं, पण साक्ष त्याची स्वतःचीच!

बरं, प्रत्यक्ष तरी पुरतं का? मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर असेल, तर शंभर यंत्रं एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. सर्व्हर खोटं बोलत नाही. त्याला दारात उभा असलेला मध्यस्थच दिसतो. मग पूलरलाच ‘शो क्लायंट्स’ विचारायचं. पलीकडचे पत्ते तिथं मिळतात.

आणि पत्त्याची जागा रिकामी असेल तर? जोडणी त्याच यंत्रावरून, सॉकेटनं आलेली असेल. ती डेटाबेसची अंतर्गत प्रक्रिया असेल. किंवा आपल्याला बघायचा अधिकारच नसेल. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला, न दिसण्याला, प्रमाण मानलं. पण अट घातली की वस्तू तिथं असती तर ती दिसायलाच हवी होती. ‘पीजी_मॉनिटर’ ही भूमिका हाती नसताना ‘तिथं कोणी नाही’ म्हणणं या अटीत बसत नाही.

यात इतकं काटेकोर का व्हायचं? समजा, रात्री पगाराच्या तक्त्यात फेरफार झाला. नोंदीत एका कर्मचाऱ्याच्या यंत्राचं नाव आहे. नाव दिसलं म्हणून त्याला सकाळी जाब विचारायचा? ते नाव म्हणजे केवळ एक विधान आहे. पत्ता, पोर्ट, वेळ आणि पूलरची नोंद जुळली, तर अनुमानाला बळ येतं. क्लायंटकडे प्रमाणपत्र मागितलं, तर पुरावा आणखी पक्का होतो. पण तोही एवढंच सांगतो की किल्ली त्या बाजूला होती. किल्ली कोणाच्या हातात होती, हे नाही.

यंत्र ओळखणं आणि माणूस ओळखणं यांत अंतर आहे. कोणताही तक्ता ते अंतर आपल्यासाठी ओलांडत नाही. ते आपल्यालाच ओलांडावं लागतं, आणि तेही जबाबदारीनं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.