जुनी होडी पाण्यावर लवकर कशी चढते?

बालमित्रांनो, आपला मालवण तालुका समुद्राकाठी आहे. तारकर्ली, देवबाग येथे पर्यटक येतात, तेव्हा मशीनच्या फायबर होड्या भर्रकन जाताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पण एकदा नीट बघा. होडी हळू चालते तेव्हा ती पाण्यात बसलेली असते. जोरात जाते तेव्हा तिचा पुढचा तळ पाण्याबाहेर दिसतो. म्हणजे ती पाण्यातून जात नाही, पाण्यावरून जाते! याला इंग्रजीत प्लेनिंग म्हणतात. माझे काका म्हणतात, "होडी वर चढली." मी पण तसेच लिहिणार आहे. नवी होडी पटकन वर चढते. जुनी होडी चढत नाही, नुसती मशीन ओरडत राहते. असे का होते व त्यावर उपाय काय, ते आता सांगते.

होडी वर चढते म्हणजे काय?

उभी होडी तरंगत असते. ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. हा आर्किमिडीजचा नियम आम्हाला गुरुजींनी शिकवला. होडी सावकाश चालली तरी असेच असते. वेग वाढला की नाळीपाशी लाट उठते. जसजसा वेग वाढतो तसतशी ती लाट लांब होत जाते. समजा, होडीचा पाण्याला टेकलेला भाग २० फूट लांब आहे. तर ताशी सुमारे ११ किलोमीटर वेगाला ती लाट होडीएवढीच लांब होते. त्याच्या पुढे वेग वाढवला की मागली बाजू लाटेच्या खळग्यात बसते आणि नाळ आकाशाकडे जाते. म्हणजे होडी आपणच केलेल्या लाटेचा डोंगर चढत असते. मशीनचा बराचसा जोर लाटा उठवण्यातच फुकट जातो.

मशीनमध्ये पुरेसा जोर असला तर होडी हा डोंगर पार करते. तिचा सपाट तळ पाण्याला तिरका लागतो आणि पाणी खाली दाबले जाते. मग पाणी पण तळाला वर ढकलते. आपण तळ्यात चपटी ठिकरी तिरकी मारतो. ती टप टप उड्या मारत जाते, तिलाही पाणी असेच वर ढकलते. एकदा होडी वर चढली की पाण्याचा अडथळा कमी होतो. मग मशीन थोडी कमी केली तरी चालते. मात्र लाकडी मचव्याला हे जमत नाही. तो जड असतो आणि त्याचा तळ मागे निमुळता असतो. त्याला उगीच दामटू नये.

नाळ वर राहिली तर काय बिघडते?

एक तर पेट्रोल खूप जळते. दुसरे त्याहून वाईट आहे. नाळ वर असते तेव्हा चालवणाऱ्याला पुढचे दिसत नाही. पुढे कोणी पोहत असेल, छोटी होडी असेल, जाळ्याचे बोये असतील, तर? नवी होडी थोड्या वेळात सरळ होते. जुनी होडी नाळ वर करून लांबवर जाते, आणि तेवढा वेळ चालवणारा आंधळाच म्हणायचा. म्हणून होडी लवकर वर चढणे हा नुसता मजेचा भाग नाही.

उपाय

(१) पाणी उपसा. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. होडीत पाच कळशा पाणी साचले तर जवळजवळ एक माणूस फुकट बसल्यासारखे झाले. आणि हे पाणी शहाणे नसते. नाळ वर झाली की ते सगळे मागे पळते. जिथे वजन नको तिथेच जाऊन बसते! काही फायबर होड्यांच्या फळीखाली फोम भरलेला असतो. होडी जुनी झाली की तो पाणी पितो. ते पाणी वरून दिसत नाही. पण होडी पूर्वीपेक्षा जास्त बुडालेली दिसली तर हा संशय घ्यावा.

(२) वजन पुढे घ्या. नांगर, दोरखंड, पेट्रोलची टाकी सगळे मागे ठेवू नये. माणसेही पुढे-मागे सारखी वाटून बसवावी. पण फार पुढे नको, नाहीतर वेगात नाळ पाण्यात घुसते. माणसांनी जागा बदलायची ती होडी सुटण्याआधी. चालत्या होडीत कोणीही उठू नये.

(३) तळ घासा. बरेच दिवस पाण्यात राहिलेल्या होडीच्या तळाला शेवाळ धरते आणि शिंपल्यासारखे कडक बारीक जीव चिकटतात. हात लावला तर हात कापतो. पाणी गुळगुळीत तळावरून सहज सरकते, अशा खरखरीत तळावर अडते.

(४) मशीन तपासा. हातातला कान पूर्ण पिळला तरी आतली झडप पूर्ण उघडते का? केबल ताणून सैल झालेली असते. प्लग काळा पडलेला असतो. पेट्रोलच्या गाळणीत कचरा असतो, कधी पाणी पण असते. जोर अर्धाच मिळाला तर होडी डोंगर कसा चढणार?

(५) मशीनचा कल. मागे टांगलेली मशीन पुढे-मागे कलती करता येते. सुटताना मशीनचा पाय होडीकडे आत घ्यावा. त्यामुळे नाळ खाली दाबली जाते. होडी वर चढली की पाय थोडा बाहेर सोडावा.

(६) पंखा बघा. पंख्याचे पाते खडकाला लागून वाकले असेल तर जोर वाया जातो. पंख्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ११ × १३. पहिला आकडा म्हणजे पंख्याची रुंदी ११ इंच. दुसरा म्हणजे पंखा एका फेरीत १३ इंच पुढे जाईल असा पीळ. लाकडात स्क्रू जातो तसे. पाणी मऊ असल्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमीच जातो. एसटीचा ड्रायव्हर घाट आला की खालचा गिअर टाकतो. तसा कमी पिळाचा पंखा लावला की होडी लवकर वर चढते. पीळ १ इंच कमी केला तर मशीन मिनिटाला साधारण १५० ते २०० फेऱ्या जास्त फिरते. मशीनच्या पुस्तकात जास्तीत जास्त किती फेऱ्या चालतील ते दिलेले असते. त्याच्या वर जाऊ नये, मशीन खराब होते. आणि सर्वांत जास्त वेग थोडा कमी होतो, तेही लक्षात ठेवावे.

(७) पट्ट्या. एवढे करूनही जमले नाही तर होडीच्या मागे खालच्या बाजूला दोन सपाट पट्ट्या लावतात. त्या पाणी खाली दाबतात आणि होडीची मागली बाजू उचलतात. मागली बाजू उचलली की नाळ आपोआप खाली येते.

एका वेळी एकच बदल

आमच्या काकांची होडी माझ्यापेक्षा मोठी आहे, वयाने. मागल्या वर्षी ती आठ माणसे घेऊन वर चढेना. माणसे कमी घेतली तर पैसे कमी. काका कर्ज काढून मोठी मशीन घेणार होते. आजोबांनी ऐकले आणि म्हणाले, "आधी पाणी काढ, मगे मशिनीक नावां ठेव." मग काकांनी एकेक उपाय सुरू केला. मी किनाऱ्यावर उभी राहून अंक मोजत असे. पहिल्या दिवशी मी २१ म्हटले तेव्हा होडी सरळ झाली. पाणी काढून तळ घासला, तेव्हा १४. मशीनची केबल बदलली, तेव्हा ११. दोन इंच कमी पिळाचा पंखा लावला, तेव्हा ७! कर्ज काढावे लागले नाही. आई म्हणाली, बरे झाले, हप्ते कोण भरणार होते?

सगळे उपाय एकदम केले असते तर कशाने काय झाले ते कळले नसते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तीच माणसे बसवावी, वारा पण सारखा असावा, आणि मोजावे. गुरुजी म्हणाले की यालाच प्रयोग म्हणतात.

शिवाय जुन्या होडीला एकदम मोठी मशीन लावणे धोक्याचे असते. मशीन मागे जिथे टांगतात ती फळी आतून कुजलेली असू शकते. मोठी मशीन जड पण असते, म्हणून होडी मागे आणखी बसते.

तर मित्रांनो, जुनी होडी चढत नसेल तर तिला लगेच म्हातारी म्हणू नका. तिला कोणी धरून ठेवले आहे ते आधी शोधा. आणि होडीत बसताना लाइफ जॅकेट घाला, पट्टे नीट बांधा आणि गप बसा. चालवणाऱ्याच्या समोर उभे राहू नका.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी