मोहोळची विहीर आणि अँग्युलर मोमेंटम

'कॉन्झर्व्हेशन ऑफ अँग्युलर मोमेंटम' हा टॉपिक मी बारावीला पाठ केला, सीईटीला त्याच्यावरचे प्रश्न सोडवले, फर्स्ट इयरला पुन्हा भेटला. पण तो खरा कळला मे महिन्यात, मोहोळला, मामाच्या मळ्यातल्या विहिरीवर. फी म्हणून दोन दिवस पालथं झोपावं लागलं!

माझा मामेभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) काठावरून उडी मारतो, हवेत गुडघे छातीशी घेऊन गरकन कोलांटी घेतो आणि अंग सरळ करून पायावर पाण्यात शिरतो. पाणी काठापासून पंधरा फूट खाली, म्हणजे हवेत जेमतेम एक सेकंद मिळतो. मी म्हटलं, सोप्पं आहे! अंग गोळा केलं की मोमेंट ऑफ इनर्शिया कमी, म्हणजे स्पीड जास्त. सरळ उडी मारली, गुडघे छातीशी घेतले... आणि नुसता मुटका बसला. गिरकी नाहीच!

दादा हसून म्हणाला, "आरं, गिरकी काठावरच घ्यावी लागती. वर गेल्यावर काय हुतंय?"

मित्रांनो, अख्खा नियम या वाक्यात आहे. अँग्युलर मोमेंटम (मराठीत कोनीय संवेग, हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना नंतर कळला!) म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया गुणिले फिरण्याचा वेग. तो बदलायला बाहेरून टॉर्क लागतो. दादा उडी मारताना छाती पुढे झोकतो. तेव्हा दगडाचा उलटा रेटा त्याच्या सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीतून न जाता बाजूने जातो, आणि टॉर्क मिळतो. पाय सुटला की राहतं फक्त गुरुत्वाकर्षण, आणि ते नेमकं त्या सेंटरमधूनच खेचतं. म्हणजे टॉर्क शून्य! काठावरून जेवढं नेलं तेवढंच भांडवल. माझं भांडवलच शून्य होतं. शून्याला कशानेही गुणा, उत्तर शून्यच.

दुसऱ्या वेळी मी काठावर झोक घेतला. मस्त फिरलो. पण पाऊण गिरकी झाल्यावर घाबरलो आणि हातपाय ताणले. सरळ शरीराचा मोमेंट ऑफ इनर्शिया गोळा झालेल्या शरीराच्या तिप्पट-चौपट असतो, त्यामुळे वेग तेवढाच घटला. उरलेली पाव गिरकी पुरी व्हायच्या आत पाणी आलं. पाठ आडवी, फटाक्कन्!

पडल्या पडल्या एक शंका आली. वेग तिप्पट आणि इनर्शिया एक तृतीयांश झाला, तर फिरण्याची कायनेटिक एनर्जी तिप्पट होते. कारण तिच्यात वेगाचा वर्ग येतो. मग ही जादा एनर्जी कुठून आली? फुकट? नाही. फिरताना हातपाय बाहेर जायला बघतात, त्यांना आत ओढायला स्नायूंना काम करावं लागतं. तेच काम एनर्जी बनतं. म्हणजे मोमेंटम कायम राहतो, कायनेटिक एनर्जी नाही. व्हायव्हाला इथेच गोची होते, लक्षात ठेवा.

आणि हा हिशोब विहिरीपुरता नाही. मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की काही हजार किलोमीटरचा त्याचा गाभा कोसळून जेमतेम वीस किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा होतो. तिथे स्नायूंचं काम गुरुत्वाकर्षण करतं. त्रिज्या शंभरपट घटली तर वेग दहा हजारपट वाढतो! १०५४ साली चीनमध्ये नोंदवलेल्या स्फोटातून उरलेला क्रॅब पल्सर आजही सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो. असे पल्सर आपल्याच महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना टिपतात.

दादाने फिजिक्स दहावीनंतर सोडलं. पण काठावर काय कमवायचं आणि हवेत कुठे खर्च करायचं, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. पाठ बरी झाल्यावर मी पुन्हा गेलो. या वेळी पायावर उतरलो!