पोलिसाच्या गोळीची चौकशी कोण करतो?

30 जून 2019, रविवारची संध्याकाळ. हैफाच्या किर्यात खाइम भागातील एका बागेजवळ काही तरुण मुलांमध्ये भांडण जुंपले होते. ड्यूटीवर नसलेला एक पोलीस आपल्या बायकामुलांसह तेथे आला होता. तो मध्ये पडला, बाचाबाची वाढली आणि त्याने आपले पिस्तूल काढून एक गोळी झाडली. त्या गोळीने सोलोमन टेका हा इथिओपियाहून आलेल्या कुटुंबातील मुलगा मरण पावला. त्याने नुकतीच अठरा वर्षे पार केली होती.

पुढचे तीन दिवस सारा देश अडकून पडला. तेल अवीवचा आयालोन महामार्ग बंद झाला, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत चौकाचौकांत टायर आणि गाड्या जळाल्या. शंभराहून अधिक पोलीस जखमी झाले आणि शंभराहून अधिक निदर्शकांना अटक झाली. शेवटी मुलाच्या घरच्यांनीच विनंती केली की निदान शिवआचे सात दिवस तरी रस्ते शांत ठेवा.

त्या दिवसांत आपल्या वयाची पुष्कळ माणसे म्हणत होती, “या मुलांना एवढा राग कशाचा? चौकशी चालू आहे ना, मग थांबायला काय झाले?” हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर शोधायचे तर आधी ही चौकशी कोण करतो, कशी करतो आणि तिच्यातून काय निघते, हे समजून घ्यावे लागेल. या लेखात तेवढेच करायचे आहे.

साठ वर्षांपूर्वीची गोळी

आपल्यापैकी जे पन्नासच्या दशकात अलिया करून आले, त्यांना वादी सालिब हे नाव आठवत असेल. हैफाची ही वस्ती 1948 पर्यंत अरबांची होती. ती रिकामी झाल्यावर तेथे नवे ओलिम राहायला आले आणि त्यांत मोरोक्कोकडचे यहुदी सर्वांत जास्त होते. घरे मोडकी, खोल्यांत दाटी, काम मिळाले तर मिळाले.

जुलै 1959 मध्ये तेथे दारूच्या नशेत गोंधळ घालणाऱ्या याकोव्ह एल्कारीफ या रहिवाशाला पोलीस पकडायला गेले. झटापटीत गोळी सुटली आणि तो गंभीर जखमी झाला. तो मेला नव्हता. पण तो मेल्याची बातमी वस्तीभर पसरली. दुसऱ्या दिवशी जमाव आधी पोलीस ठाण्यावर गेला आणि मग वर हदार हाकार्मेलकडे निघाला. दुकाने आणि गाड्या फुटल्या, मापाई पक्षाच्या आणि हिस्तद्रुतच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले. नंतर बेअर शेवा, मिग्दल हाएमेक अशा इतर गावांतही अशांतता पसरली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणूस जिवंत होता, तरी लोकांनी अफवेवर विश्वास ठेवला. याचे कारण असे की खरे काय ते सांगणारे तोंड पोलिसांचेच होते आणि पोलिसांच्या तोंडावर वस्तीचा भरवसा उरला नव्हता. पोलिसाने गोळी झाडली तर त्याची चौकशीही पोलीसच करीत, अशी तेव्हाची रीत होती.

सरकारने न्यायाधीश मोशे एत्सिओनी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने लोकांच्या हालअपेष्टा आणि गाऱ्हाणी ऐकली, पण मुद्दाम पक्षपाताचे धोरण असल्याचे तिने मान्य केले नाही. चळवळीचे पुढारी दाविद बेन-हारूश तुरुंगात गेले. वस्तीतली माणसे हळूहळू दुसरीकडे हलवली गेली आणि वादी सालिब ओस पडले.

तीन वेगवेगळी दारे

आज पोलिसाविरुद्ध दाद मागायची तर तीन दारे आहेत. ती एकमेकांत मिसळली की गैरसमज होतो, म्हणून ती वेगवेगळी पाहू.

पहिले दार गुन्ह्याच्या तपासाचे. पोलिसांनीच पोलिसांची चौकशी करू नये म्हणून 1992 साली न्याय मंत्रालयात एक वेगळे खाते स्थापन झाले. त्याचे हिब्रू नाव हा-माखलाका ले-खाकिरोत शोत्रीम असे आहे आणि बातम्यांत आपण त्याला ‘माखाश’ म्हणताना ऐकतो. एक वर्षाहून जास्त कैदेची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्याचा पोलिसावर संशय असेल, तर तपास माखाशकडे जातो. पुरावा पुरेसा वाटला तर माखाशचे वकील न्यायालयात खटला भरतात. नसेल तर फाईल बंद होते. फाईल बंद झाल्याचे कळल्यापासून साठ दिवसांत तक्रारदाराला सरकारी वकिलांच्या वरच्या कार्यालयाकडे अपील करता येते. ही मुदत पुष्कळांना माहीत नसते आणि हक्क हातचा जातो.

दुसरे दार शिस्तीचे. पोलीस उर्मट बोलला, नाव सांगायला तयार झाला नाही, विनाकारण ताटकळत ठेवले, अशा तक्रारी पोलीस दलातल्या शिस्तविषयक विभागाकडे जातात. तेथे ताकीद, दंड, बढती रोखणे असे उपाय होतात. पोलीस न्यायालयात निर्दोष सुटला, तरी त्याच्यावर शिस्तीची कारवाई होऊ शकते.

तिसरे दार चौकशी आयोगाचे. 1968 च्या कायद्यानुसार सरकारने आयोग स्थापन करायचे ठरवले, तर त्याचा अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नेमतात, मंत्री नेमत नाहीत. आयोग एका माणसापुरते पाहत नाही. हुकूम कोणी दिला, नियम काय होते, वर बसलेल्यांनी काय केले, हे सारे तो तपासतो. पण आयोग कोणाला तुरुंगात पाठवत नाही. त्याच्यापुढे दिलेली साक्ष फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. माणसांनी न घाबरता खरे सांगावे, हा त्यामागचा हेतू.

आयोग आणि तपास यांतली दरी

ऑक्टोबर 2000 मध्ये उत्तरेकडील अरब गावांत आणि वादी आरा भागात निदर्शने आणि दंगली झाल्या. पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे मेली. त्यांतली बारा इस्राएलची अरब नागरिक होती. न्यायमूर्ती थिओडोर ओर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि त्याने सप्टेंबर 2003 मध्ये अहवाल दिला. पोलिसांनी आपल्या अरब नागरिकांकडे शत्रू म्हणून पाहता कामा नये, असे आयोगाने बजावले. जिवंत गोळ्या आणि रबरी गोळ्या वापरण्यावरही त्याने कडक टीका केली.

आयोगाने एवढे सांगितल्यावर खटले होतील असे मृतांच्या नातेवाइकांना वाटले. पण सप्टेंबर 2005 मध्ये माखाशने एकाही पोलिसावर खटला भरता येत नाही असे जाहीर केले आणि जानेवारी 2008 मध्ये सरकारच्या मुख्य कायदा सल्लागारांनी तो निर्णय कायम केला. कारण कोणाच्या बंदुकीतून कोणती गोळी सुटली, हे सिद्ध करणारा पुरावा घटनेच्या वेळी गोळा झालाच नव्हता. खटला पुराव्यावर उभा राहतो आणि पुरावा पहिल्या काही तासांत मिळाला नाही तर पुढे कितीही वर्षे घालवा, हाती काही लागत नाही.

सोलोमन टेका प्रकरणाचे काय झाले?

या प्रकरणात माखाशचे अधिकारी ताबडतोब कामाला लागले. पोलिसाला नजरकैदेत ठेवले. तपासणीत दिसले की गोळी थेट मुलावर झाडलेली नव्हती. ती जमिनीवर आपटून उसळली आणि त्याला लागली. पोलिसाचे म्हणणे होते की मुलांनी त्याच्यावर दगड मारले आणि त्याला जिवाची भीती वाटली.

फेब्रुवारी 2020 मध्ये पोलिसावर निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा खटला भरला गेला. या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. कुटुंबाला आणि निदर्शकांना हे कलम फार सौम्य वाटले. खटला तीन वर्षांहून अधिक चालला आणि जुलै 2023 मध्ये न्यायालयाने पोलिसाला निर्दोष सोडले. माणसे पुन्हा रस्त्यावर आली.

न्यायालयाचा निर्णय मानलाच पाहिजे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, मग तो पोलीस असो की आपला नातू. पण निर्दोष सुटका झाली म्हणजे सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली असे नाही. ड्यूटीवर नसलेल्या पोलिसाने मुलांच्या भांडणात पिस्तूल काढावे का? बागेत, जेथे लेकरे खेळतात, तेथे गोळी जमिनीवर झाडणे शहाणपणाचे आहे का? त्याला शिकवले काय होते? ही उत्तरे एका माणसाच्या खटल्यातून पूर्ण मिळत नाहीत, ती पोलीस दलाने द्यायची असतात.

शिवाय हा राग एका गोळीचा नव्हता. एप्रिल 2015 मध्ये खोलोनमध्ये दोन पोलिसांनी गणवेशातल्या एका इथिओपियन सैनिकाला मारहाण केली आणि ती कॅमेऱ्यात टिपली गेली. त्यानंतर येरुशलाईम आणि तेल अवीव येथे मोठी निदर्शने झाली. न्याय मंत्रालयाच्या महासंचालक एमी पालमोर यांच्या समितीने 2016 मध्ये अहवाल देऊन भेदभाव मान्य केला आणि न्याय मंत्रालयात वंशभेदाविरुद्ध काम करणारा एक विभाग सुरू झाला. तरी जानेवारी 2019 मध्ये बात याम येथे मानसिक आजार असलेला, हाती चाकू घेतलेला एक इथिओपियन तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. त्यानंतर पाच महिन्यांनी किर्यात खाइम घडले. प्रत्येक वेळी “चौकशी चालू आहे” असे ऐकलेल्या माणसाला त्याच वाक्याने चौथ्यांदा धीर कसा येणार?

हे आपल्याशी का संबंधित आहे?

इथिओपियन समाजाच्या यहुदीपणावर रब्बानूतने शंका घेतली आणि 1985 मध्ये त्यांनी येरुशलाईममध्ये रब्बानूतसमोर धरणे धरले. आपल्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगायची गरज नाही. 1964 च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनीही येरुशलाईममध्ये धरणे धरले होते. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असल्याचा ठराव केला आणि रब्बानूतला आपला आदेश बदलावा लागला. आपण रस्त्यावर बसलो नसतो, तर तो ठराव झाला असता का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आणि रंगाची गोष्ट तर आपल्या घरातलीच आहे. आपली नातवंडे सावळी आहेत. रात्री उशिरा घरी येणाऱ्या सावळ्या मुलाला पोलीस थांबवतो आणि तेउदात झेहूत, म्हणजे ओळखपत्र, मागतो. सोळा वर्षांवरील प्रत्येकाने ते जवळ बाळगायचे असते हे खरे. पण जानेवारी 2021 मध्ये, इथिओपियन समाजाची तेबेका ही संस्था आणि इतरांनी केलेल्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाजवी संशय नसताना केवळ चेहरा पाहून माणसाला असे अडवणे पोलिसांच्या अधिकारात नाही. तो निकाल आपल्या नातवंडांच्याही कामाचा आहे, आणि तो मिळवला ज्यांच्यामुळे रस्ता अडला म्हणून आपण कुरकुरलो त्यांनी.

घरातल्या मोठ्यांनी काय सांगावे?

गाडी जाळणे हा गुन्हा आहे. जखमी झालेला पोलीसही कोणाचा तरी मुलगा असतो. हे नातवंडांना सांगावेच. पण एवढेच सांगून थांबू नये. त्यांना वाट दाखवावी.

पोलिसाने अडवले तर तेथल्या तेथे हुज्जत घालू नये. सांगेल तसे करावे आणि तक्रार नंतर करावी. पोलिसाच्या गणवेशावरील नाव पाहून ठेवावे. गणवेश नसेल तर ओळख विचारावी. कामात अडथळा न आणता मोबाईलवर चित्रण करायला कायद्याची मनाई नाही. मार लागला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन कागद घ्यावा. तारीख, वेळ, जागा आणि साक्षीदारांची नावे त्याच रात्री लिहून काढावी. गंभीर प्रकार असेल तर माखाशकडे जावे. रंगावरून वागणूक दिली गेली असेल तर न्याय मंत्रालयाच्या वंशभेदविरोधी विभागाकडेही तक्रार करता येते. फाईल बंद झाल्याचे पत्र आले तर ते खणात टाकू नये. त्यावरची तारीख पाहून साठ दिवस मोजावे.

माखाशकडे गेलेल्या तक्रारींपैकी फार थोड्यांतून खटला उभा राहतो, अशी टीका वर्षानुवर्षे होत आली आहे. मग तक्रार करून उपयोग काय, असे मूल विचारील. त्याला ऑक्टोबर 2000 ची गोष्ट सांगावी. तेव्हा कागदावर काही नव्हते, म्हणून कोणालाच जाब विचारता आला नाही. आणि 2021 चा निकालही सांगावा. तो दगडांनी मिळाला नाही. माणसांनी आपले अनुभव न्यायालयापुढे मांडले आणि वकिलांनी ते लढवले, तेव्हा तो मिळाला.

वादी सालिबच्या लोकांजवळ 1959 मध्ये असे एकही दार नव्हते. आज दारे आहेत. ती जड आहेत, हळू उघडतात आणि कधी कधी उघडतच नाहीत. पण ती ठोठावणारे कमी झाले की ती गंजतात, आणि मग मुलांना रस्ता तेवढा दिसतो.