मोडीत निघण्याआधी...

सुट्ट्या लागल्या की घराघरांत एकच विषय, जायचं कुठं? कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी गोवा. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण मैत्रिणींनो, एक विचारू? आपल्या तालुक्यातला किल्ला आपल्यापैकी किती जणींनी आतून पाहिलाय? औशाला आपण लग्नाला जातो, बाराव्याला जातो, उदगीरला सोयरीक जमवायला जातो. किल्ला मात्र एसटीच्या खिडकीतून दिसतो तेवढाच! कंधारचंही तेच.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवलं, लांब कुठं जायचंच नाही. एक दिवस काढायचा आणि लातूरच्या आसपासच्या जुन्या वास्तू बघायच्या. जमलं तर जुन्या वस्तूंची दुकानंही पालथी घालायची. आम्ही दोघं, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. सोबत धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा मोठा थर्मास. दिवसभराचा खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि दोन वेळचा चहा!

सुरुवात घराजवळूनच केली. आपली गंजगोलाई. मिरची, गूळ, चपला, सोनं... लातूरच्या बाईचं गोलाईशिवाय पान हलत नाही. पण खरेदीच्या गडबडीत मान वर करून ती इमारत कोण बघतं? सकाळी दुकानं उघडायच्या आत गेलो, तेव्हा ती खरी दिसली. मधोमध ही गोल दुमजली इमारत, आत अंबाबाईचं देऊळ आणि तिथून चहूबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. लेकानं फेरी मारून सोळाही रस्ते मोजले, तेव्हाच त्याला पटलं. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हा आराखडा केला आणि ही इमारत 1917 साली उभी राहिली. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. लातूर जिल्हा तर 1982 साली झाला. म्हणजे जिल्ह्याच्या कितीतरी आधीपासून ही बाजारपेठ नांदतेय.

तिथून औसा, जेमतेम वीस किलोमीटर. औशाचा किल्ला भुईकोट. डोंगर चढायचा नाही की दम लागायचा नाही. बाहेरून खंदक, आत दुहेरी तटबंदी, बुरुजांवर तोफा. बहामनी, निजामशाही, मग 1636 साली मुघल आणि पुढं हैदराबादचा निजाम, एवढ्या सत्ता या दरवाजातून आत गेल्या. जवळच्या उदगीरचा किल्लाही त्याच मोहिमेत मुघलांकडे गेला. त्याच उदगीरला फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि पुढच्याच जानेवारीत भाऊ पानिपतावर पडले. इब्राहिमखान गारदी उदगीरलाही भाऊंच्या सोबत होता आणि पानिपतावरही. मुलांनी पानिपत पुस्तकात वाचलं होतं. त्याच्या आधीचं पान आपल्याच जिल्ह्यात आहे म्हटल्यावर दोघांचे कान टवकारले.

आत्याबाई मात्र दरवाजाशीच थांबल्या. "तुम्ही या जाऊन. मी बसते लिंबाखाली. काय बघायलाव रे त्या दगडमातीत!" असं म्हणून त्यांनी पदर सावरला. कुणी आग्रह केला नाही. मुलांनाही आम्ही खुणेनंच गप्प केलं.

कारण ठाऊक होतं. आत्याबाईंचं माहेर औसा तालुक्यातलंच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. आत्याबाईंची आई त्यातच गेली. घर माळवदाचं. दगडामातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर लाकूड-मातीचं जड धाबं. भिंतीत बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मध्ये नुसता चुरा आणि माती. दोन्ही बाजू एकमेकींना बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हतेच. हादरा बसला तशा भिंती फुगल्या, सुटल्या आणि वरचं सगळं खाली आलं. तेव्हापासून आपल्याकडं जुन्या दगडी घराची भीतीच बसली. पुढच्या काही वर्षांत पुष्कळांनी उभी असलेली माळवदंही उतरवली, पत्रे टाकले, सिमेंटची घरं बांधली. जिवापुढं काय मोठं? त्यांना कोण नावं ठेवणार!

पण त्या घरांबरोबर जे गेलं त्याची कुणी यादी केली नाही, हे त्या दिवशी दुपारी कळलं.

औशाहून आम्ही त्याच तालुक्यातलं खरोसा गाठलं. वेरूळला जाणारे आपण, आपल्या जिल्ह्यातही लेणी आहेत हे किती जणींना माहीत असतं? सहाव्या शतकातली मानली जाणारी ही लेणी जांभ्या दगडात कोरलीत. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण... जांभा ठिसूळ असतो, त्यामुळं ऊनपावसानं चेहरे झिजलेत. तरी उभं राहिल्यावर हात आपोआप जोडले जातात. आत्याबाई इथं मात्र आत आल्या. "ह्ये रचलेलं न्हाई, कोरलेलं हाय. ह्ये कशाला पडतंय!" म्हणाल्या. तिथंच सावलीला बसून धपाटे खाल्ले. कचरा पिशवीत भरून सोबत परत आणला, हे मुद्दाम सांगते.

आता जुन्या वस्तूंची दुकानं. मुंबईत चोरबाजार आहे, पुण्यात जुना बाजार भरतो. आपल्याकडं तसं पाटी लावलेलं दुकान शोधून सापडत नाही. पण दोन जागा आहेत आणि त्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. एक, पाडलेल्या वाड्यांची दारं, खांब, तुळया विकणारे जुन्या लाकडाचे व्यापारी. दुसरी, भांड्याच्या दुकानातला मोडीचा ढीग!

परतीच्या वाटेवर लाकडाच्या एका अड्ड्यावर थांबलो. सागवानी चौकटी ओळीनं भिंतीला टेकवलेल्या. कुठं गणेशपट्टी, कुठं कमळं कोरलेली, जाडजूड कडी-कोयंडे. सकाळी किल्ल्यात पाऊल न टाकणाऱ्या आत्याबाई तिथं एका चौकटीपाशी गेल्या आणि हात फिरवत बोलायला लागल्या. "ही ढाळजेची. हितं पुरुषमाणसं बसायची. ह्या खाचंत अडसर. आत गेलं की भिंतीत बळद, त्यात वरसाची ज्वारी. वरून भरायची आन् खालच्या भोकातून काढायची..." लेक मोबाइलवर भराभर लिहून घेत होती. ढाळज, बळद, पेव, कोनाडा, लादनी. तीस वर्षांत आत्याबाईंनी माहेरच्या घराबद्दल एवढं कधी सांगितलं नव्हतं. आमचे हे तर नुसते बघत राहिले.

मग भांड्याचं दुकान. नवी स्टीलची, नॉनस्टिकची भांडी पुढं मांडलेली आणि मागं मोडीत आलेल्या तांब्या-पितळेचा डोंगर. घंगाळं, हंडे, कळश्या, पानाचे डबे, चेपलेले तांबे. सगळं किलोवर. मुलगी खाली बसून भांड्यांवर घातलेली नावं वाचायला लागली. लग्नात मामाकडून, काकूच्या स्मरणार्थ, बारशाला आजोळहून... ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं. काहींवर शके. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, हे तिला तिथंच सांगितलं. मग ती एकेका भांड्याचं वय काढत बसली. एकदम तिनं विचारलं, "आई, ही नावं बहुतेक बायकांचीच का गं?"

खरंच की! घराच्या कागदावर बाईचं नाव क्वचितच असायचं. सातबाऱ्यावर नवरा, रेशनकार्डावर सासरा. लग्नात तर पुष्कळींचं नावच बदललं जायचं. आत्याबाईंचंही बदललं. आमच्या घरी त्यांची एक पितळी कळशी आहे, ढिगाऱ्यातून काढलेली, एका अंगाला चेपलेली. तिच्यावर त्यांचं माहेरचं नाव आहे. माहेरचं घर गेलं, त्या नावानं हाक मारणारी आईही गेली. आज ते नाव फक्त त्या कळशीवर उरलंय. ती किलोच्या भावानं गेली असती, तर काय गेलं हे कुणालाच कळलं नसतं.

घरातल्या वस्तूंना संग्रहालयात जागा मिळते का, असं तुम्ही विचाराल. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं ते उभं केलं. अडकित्ते, दिवे, फण्या, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, असं सगळं बायकांच्या रोजच्या हाताळणीतलं. आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर! जुन्या काळी ‘तगर’ म्हणून रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं हे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. आज त्यांच्याच नावानं तिथं शासकीय संग्रहालय आहे. पुढच्या सहलीला आम्ही तेरलाच जाणार आहोत. नांदेडकर मैत्रिणींना तर कंधारचा राष्ट्रकूटकालीन भुईकोट आणि देगलूर तालुक्यातली होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं हाताशीच आहेत. कंधारला मिळालेल्या क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवशेष मुलांना जरूर दाखवा.

आता थोडं कामाचं. सगळं जुनं साठवून ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही. दोन खोल्यांच्या घरात दहा हंडे ठेवायचे कुठं? पण मोडीत देण्याआधी एवढं करा. भांड्यावरचं नाव वाचा. फोटो काढा. कुणाचं, कुठून आलं, कशाला वापरायचे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत उतरवा. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असले तरी रद्दीत घालू नका. आपल्याकडच्या जमिनीच्या जुन्या नोंदी बऱ्याचदा त्याच लिपीत असायच्या. हाली शिक्क्याची नाणी सोनाराकडे वितळायला देण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.

कायदाही ठाऊक असू द्या. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, कोरीवकाम या गोष्टी 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. हस्तलिखित पोथीसाठी ही मुदत 75 वर्षांची. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि त्या परदेशी धाडता येत नाहीत. दारावर येऊन कुणी "देव्हाऱ्यातला जुना देव द्या, नवा देतो" म्हणालं तर सावध राहा. शेतात, पायात खणताना काही सापडलं तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आमच्या बचत गटात आता आम्ही एक नवीन रीत पाडलीय. दर महिन्याच्या बैठकीला एकीनं घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिची हकीकत सांगायची. पहिल्या महिन्यात अडकित्ता आला, दुसऱ्यात दगडी उखळ. ते उखळ दोघींनी मिळून उचलून आणलं! लिहून घ्यायचं काम माझ्या लेकीकडं. वही निम्मी भरलीय. तुमच्याही घरात अशी एखादी वही आजच सुरू करा. सांगणारी माणसं समोर बसलीत तोवरच!