सालईचा डिंक आणि दुखरे गुडघे

थंडी पडली की घरातल्या आजीचे गुडघे कुरकुरू लागतात. मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक होतो, लसूण घालून कढवलेले तिळाचे तेल चोळले जाते. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांनाही हे उपाय परके नाहीत. पण प्रयोगाच्या कसोटीला लावून पाहिलेले एक औषध त्या भागातल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरच उभे असते. ते म्हणजे सालई.

एरवी या झाडाला फारसा मान नाही. लाकूड हलके, नेपानगरच्या कारखान्यात त्याचा वर्तमानपत्री कागद होत असे. मात्र सालीला खाच दिली की सुगंधी डिंक पाझरतो. आयुर्वेदातली शल्लकी ती हीच. (खरा गुग्गुळ वेगळ्या झाडाचा. बाजारात हाही 'सालई गुग्गुळ' म्हणून मिळतो, तेव्हा घेताना विचारून घ्यावे!) या डिंकातली बॉस्वेलिक आम्ले सूज वाढवणाऱ्या एका विकराला अडवतात.

नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. गुडघे झिजलेले तीस रुग्ण होते. प्रत्येकाला आठ आठवडे सालईचा अर्क आणि आठ आठवडे औषध नसलेली, पण तशीच दिसणारी कॅप्सूल दिली गेली. अर्काने दुखणे आणि सूज कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. एक्स-रेत मात्र काहीच फरक दिसला नाही. म्हणजे झिजलेली कूर्चा भरून आली नव्हती. शिवाय तीस ही संख्या तशी लहानच.

आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची, गोष्ट निराळी. सकाळी बोटे तासभर आखडलेली, दोन्ही हातांचे सांधे सुजलेले, हे वयाचे दुखणे नव्हे. तिशीतल्या सुनेलाही ते गाठते. यात सांधा आतून कुरतडला जातो. मेथोट्रेक्सेटसारखे औषध लवकर सुरू झाले तर बोटे वाकडी होणे बहुधा टळते. चूर्णे बदलत काढलेले वर्ष इथे महागात पडते.

आणि बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर आनंदण्याआधी शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. मात्र ती बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नये; पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

निर्गुडीचा शेक खुशाल घ्यावा. फक्त सांधा लाल आणि गरम असेल, तर त्या दिवशी तोही नको.