एका धंद्यावर उभे असलेले शहर आणि महासाथ : भिवंडीचे उदाहरण

एखाद्या प्रदेशाचा निर्वाह मुख्यतः एकाच धंद्यावर होत असेल, तर महासाथीच्या काळात त्याची काय अवस्था होते, ह्या प्रश्नाची चर्चा करताना पर्यटनावर जगणाऱ्या बेटांची उदाहरणे सहसा पुढे केली जातात. ते स्वाभाविकही आहे. बेटाला सीमा असते, बंदर असते, विमानतळ असतो; किती प्रवासी आले आणि किती आले नाहीत, हे मोजता येते. परंतु परावलंबनाचा हा प्रकार केवळ समुद्राने वेढलेल्या भूमीपुरता मर्यादित नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागाच्या धंद्यावर उभे आहे, आणि तो धंदा बाहेरून येणाऱ्या माणसांवर उभा आहे. बेटावर बाहेरून येतो तो गिऱ्हाईक. भिवंडीत बाहेरून येतो तो कारागीर. हा भेद लहान दिसतो. परंतु २०२० साली दोन्ही ठिकाणी जे घडले त्यातील बराचसा फरक त्यातून आणि त्याला लागून असलेल्या आणखी एका गोष्टीतून उलगडतो. ती गोष्ट म्हणजे काम करणाऱ्याचे नाव कोठे तरी लिहिलेले असणे वा नसणे.

प्रथम बेटाकडे पाहू. मॉरिशसशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून गेलेल्या कुटुंबांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणूनच ओळखले जातात. २०१९ साली ह्या बेटावर सुमारे १३.८ लाख पर्यटक आले होते. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. २०२१ ह्या संपूर्ण वर्षात पर्यटकांची संख्या २ लाखांपर्यंतही पोहोचली नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १५ टक्क्यांनी घसरले. त्यातच त्या वर्षीच्या जुलैत ‘वाकाशिओ’ हे जहाज किनाऱ्यावरील प्रवाळखडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातील तेल समुद्रात पसरले. असे असूनही तेथील हॉटेलांतील नोकरवर्ग पांगला नाही. मार्च २०२० मध्येच सरकारने वेतन-साहाय्याची योजना जाहीर केली; मासिक मूळ वेतन ५०,००० मॉरिशस रुपयांपर्यंत असलेल्या खाजगी नोकरांचे वेतन चालू राहावे म्हणून मालकांच्या हाती पैसा दिला, आणि हे काम तेथील महसूल खात्याकडून करविले. महसूल खात्याला ते करता आले, ह्याचे कारण नोकरांची नावे त्याच्या दप्तरी आधीच होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये लस घेतलेल्या प्रवाशांसाठी दारे पूर्ण उघडली, आणि २०२३ पर्यंत पर्यटकांची संख्या १३ लाखांच्या जवळ परत आली.

आता भिवंडीकडे वळू. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या ७ लाखांच्या थोडी वर होती. क्षेत्र सुमारे २६ चौरस किलोमीटर. येथील मागांची संख्या सहा-सात लाख असल्याचे नेहमी सांगितले जाते. हा अंदाज आहे हे ध्यानात ठेवावे. ज्या धंद्याची यंत्रेच अंदाजाने मोजली जातात, त्यातील माणसांची मोजणी त्याहून काटेकोर असणार नाही. हातमागाची परंपरा येथे आधीपासून होती. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी तिला बळ दिले, विसाव्या शतकात वीज आल्यावर हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, आणि १९८२ च्या मुंबईतील गिरणी-संपानंतर गिरण्यांकडचे बरेच काम भिवंडीकडे वळले. गिरणीतून काम आले. गिरणीतला हजेरीपट मात्र आला नाही.

हे जाणूनबुजून घडले असे म्हणावयास हरकत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची मूळ मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांची होती. एकाच छपराखालचे माग घरातील निरनिराळ्या व्यक्तींच्या नावांवर वाटून टाकले की प्रत्येक घटक त्या मर्यादेच्या आत राहतो. शिवाय मागवाला पुष्कळदा कापडाचा धनी नसतोच. सूत व्यापाऱ्याचे, तयार कोरे कापडही व्यापाऱ्याचे. मागवाल्याला मिळते ती विणाईची मजुरी, आणि तीही उधारीवर. कारागिराला मिळते ती मीटरवर किंवा ताग्यावर. एक कारागीर चार, सहा, प्रसंगी आठ मागही सांभाळतो. पाळी बारा तासांची. किती मीटर विणले ह्याची नोंद मेहताजीच्या वहीत होते, आणि हिशेब चुकता झाला की त्या पानाचे प्रयोजन संपते. कारागीर जेवतो भिशीत. बचतगटाच्या अर्थाने हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. येथे त्याचा अर्थ एकट्याने राहणाऱ्या कारागिरांची खाणावळ असा आहे. भिशीचाही हिशेब पगाराच्या दिवशी. म्हणजे व्यापाऱ्यापासून भिशीवाल्यापर्यंत ही सारी उधारीची साखळी आहे, आणि तिचे शेवटचे टोक एका तेलंगी, भोजपुरी वा ओडिया बोलणाऱ्या माणसाच्या दोन वेळच्या जेवणाशी बांधलेले आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि माग थांबले. मीटर नाही म्हणजे मजुरी नाही. केंद्र सरकारने २९ मार्चला बंदच्या काळातही मालकांनी पूर्ण वेतन द्यावे असा आदेश काढला. हेतू उदात्त होता. परंतु जो महिन्याच्या पगारावर नाही आणि ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याचे पूर्ण वेतन म्हणजे किती, आणि ते न दिल्याची तक्रार कोणाविरुद्ध करावयाची? मे महिन्यात तो आदेश मागेही घेतला गेला. मोफत धान्याची घोषणा २६ मार्चलाच झाली होती. पण धान्य मिळते शिधापत्रिकेवर, आणि कारागिराची शिधापत्रिका असे गावी, कुटुंबाजवळ. एका राज्याची पत्रिका दुसऱ्या राज्यात चालविण्याच्या योजनेत महाराष्ट्र आणि तेलंगण आधीपासून होते. उत्तर प्रदेश आणि बिहार त्यात आले १ मे २०२० रोजी. ज्या एप्रिलमध्ये त्या सोयीची सर्वांत अधिक निकड होती, तो एप्रिल तोवर उलटून गेला होता. भिशीवाल्यांनी काही दिवस उधारीवर जेवू घातले. परंतु भिशीवाला हाही लहान माणूस. किराणा दुकानदाराने हात आखडला की त्याची चूल विझणारच. ह्यानंतर लोक निघाले, ते प्रथम पायी व मालमोटारींतून, आणि मेच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे सुटलेल्या श्रमिक विशेष गाडीतून. पाहता पाहता शहरातील मागांचा आवाज चालविणारे हातच निघून गेले.

मुंबई इलाख्याला हे दृश्य अपूर्व नव्हते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला आणि पुढील काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून गेली. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग अधिनियम त्याच संकटातून जन्मास आला. २०२० साली महाराष्ट्रात निर्बंध घातले गेले तेही ह्याच अधिनियमाच्या आधारे. कायदा टिकला, पण कामगाराची तेव्हाची स्थिती मात्र टिकली नाही, आणि हा भेद विचार करण्याजोगा आहे. १८९७ मध्ये गिरण्यांना माणसे मिळेनात, तेव्हा मालकांना रोजच्या रोज रोकडी मजुरी द्यावी लागली. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी चढाओढीची बोली लागल्याचे उल्लेख आहेत. साथीने मजुराची किंमत काही काळ वाढविली होती. कारण सरळ आहे : त्या काळी गिरण्या चालूच होत्या. २०२० मध्ये माग आणि मजूर दोघेही एकाच दिवशी थांबविले गेले. सौदा करावयाचा तो कोणाशी?

रोगाचा भार शहरावर पडला तो जूनमध्ये. जूनच्या उत्तरार्धात महापालिकेने शहरापुरती पुन्हा टाळेबंदी केली. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय करोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवल्यावर इतर रोग्यांची अडचण व्हावी हे ओघानेच आले. शांतीनगरच्या मक्का मशिदीत प्राणवायूची विनामूल्य सोय झाली, ती ह्याच दिवसांत. मालेगावी साथीचे काम पाहिलेले पंकज आशिया आयुक्त म्हणून आले आणि वस्त्यावस्त्यांत मोहल्ला दवाखाने उघडण्यात आले. मालेगाव हेही यंत्रमागाचेच गाव. तेथील अनुभव येथे उपयोगी पडावा हे समजण्यासारखे आहे. दाट वस्तीतील माणूस दवाखान्यात येत नाही तो केवळ अज्ञानामुळे, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. वस्तुतः दवाखाना जवळ आला आणि तेथे ओळखीचा डॉक्टर दिसला, की हा अडसर पुष्कळ कमी होतो.

पुनरुज्जीवनाची गती विषम होती. टाळेबंदी सैल होताच माग सुरू करण्याची परवानगी मिळाली, परंतु कारागीर परतल्यावाचून माग चालत नाही, आणि व्यापाऱ्याकडील जुनी बाकी आल्यावाचून मागवाल्यापाशी कारागिराला आगाऊ देण्यास पैसा नसतो. जे परतले ते बहुधा आपल्या मुकादमाच्या किंवा गाववाल्याच्या शब्दावर. मॉरिशसमध्ये जे काम महसूल खात्याच्या यादीने केले, ते येथे तोंडी ओळखीने केले; ओळख जेथे तुटली होती, तेथे ते झालेच नाही. परतलेल्यांना निवारा मिळाला तो पूर्वीच्याच जीर्ण इमारतींत. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी ही तीनमजली इमारत कोसळून चाळीसच्या आसपास माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध आले, आणि त्याच वर्षापासून कापूस व सूत ह्यांचे भाव चढत गेले. मजुरीवर विणणाऱ्या मागवाल्याला ह्या चढत्या भावाचा लाभ नाही; व्यापाऱ्याने सूत कमी दिले की त्याचे माग रिकामे राहतात, हा तोटा मात्र त्याचा. माग भंगारात निघण्याचा क्रम साथीपूर्वीच सुरू झाला होता, तो पुढेही चालू राहिला. उलट भिवंडीभोवतालच्या गोदामांना घरपोच मालाच्या व्यापारामुळे साथीच्या काळात अधिकच काम मिळाले. तेव्हा शहर सावरले असे म्हणताना कोण सावरले हे स्पष्ट केले पाहिजे. गोदामातील हमालाचे काम आणि मागावरील कारागिराचे कसब ह्यांत अदलाबदल होत नाही. वीस वर्षे धागा जोडण्यात तरबेज झालेली बोटे खोकी उचलण्यात कसलेही अधिक मोल मिळवीत नाहीत.

नोंदणीचा प्रश्न दुर्लक्षित राहिला असे नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा अधिनियम होता. पण तो कंत्राटदारामार्फत आणलेल्या कामगारांपुरता होता, स्वतःहून गाडीत बसून आलेला कारागीर त्यात बसत नसे. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांच्या नोंदणीविषयी निर्देश दिले आणि २६ ऑगस्टला ई-श्रम ही देशव्यापी नोंदणी सुरू झाली. तीत कामगार आपले नाव आणि आपला व्यवसाय स्वतः नोंदवितो. कारागिराचे नाव आता सरकारच्या दप्तरी जाऊ शकते. त्याने किती मीटर विणले, कोणासाठी विणले आणि किती येणे राहिले, हे मात्र अद्याप मेहताजीच्या वहीतच असते.