नवा मदरबोर्ड बसवताय? स्क्रू पिळण्याआधी स्टँडऑफ मोजा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड बसवला. पॉवर बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बाबांनी दिलेले पैसे पाण्यात गेले असं वाटून रात्रभर झोप नाही. सकाळी बोर्ड बाहेर काढून खोक्यावर ठेवून चालू केला, तर मस्त सुरू झाला! दोष बोर्डात नव्हताच. कॅबिनेटमध्ये एक स्टँडऑफ जास्तीचा राहिला होता.

स्टँडऑफ म्हणजे काय?

कॅबिनेटच्या पत्र्यावर बसणारे छोटे, बहुधा पितळी खुंटे. मदरबोर्डच्या मागच्या बाजूला सोल्डरची टोकं उघडी असतात. ती पत्र्याला टेकली तर शॉर्ट होतं. म्हणून बोर्ड या खुंट्यांवर उचलून धरतात. पण जिथे बोर्डाला भोक नाही तिथे खुंटा राहिला, तर तोच त्या टोकांना टेकतो. माझं हेच झालं होतं. जुना बोर्ड एटीएक्स (305 × 244 मिमी) होता, नवा मायक्रो एटीएक्स (244 × 244 मिमी). दोघांची काही भोकं जुळतात, सगळी नाही. त्यामुळे नियम सोपा: जितकी भोकं तितकेच स्टँडऑफ, आणि तेही बरोबर भोकाखाली.

आधी बाहेर चालवून बघा

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चकाकणाऱ्या अँटीस्टॅटिक पिशवीवर नको, तिच्या पृष्ठभागातून वीज जाऊ शकते. प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लावा. सॉकेटच्या पिना केसासारख्या नाजूक असतात, त्यांना बोट लावू नका. मग 24 पिनची मोठी केबल आणि प्रोसेसरची 8 पिनची केबल जोडा. ही दुसरी बरेच जण विसरतात. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की बोर्ड सुरू होतो. डीडीआर5 रॅम असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून लगेच बंद करू नका.

आता कॅबिनेटमध्ये

1. वीज बंद करून केबल काढा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते.
2. मागच्या पोर्टची पट्टी, म्हणजे आयओ शील्ड, सुटी असेल तर आधी तीच बसवा. ही राहिली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.
3. बोर्ड तिरका धरून पोर्ट शील्डमध्ये सरकवा, मग स्टँडऑफवर टेकवा.
4. सगळे स्क्रू आधी हलके लावा, नंतर घट्ट करा. अडकला की थांबा, जोर नको.
5. फ्रंट पॅनलच्या बारीक वायरी मॅन्युअल बघून लावा. पॉवर स्विच उलटा लागला तरी चालतो, एलईडीला मात्र प्लस-मायनस पाहावं लागतं.

बाहेर चालू झालेला बोर्ड आत बसवल्यावर बंद पडला, तर दुकानात धाव घेण्याआधी तो काढून खालचे खुंटे मोजा. माझी एक रात्र वाया गेली, तुमची जाऊ नये.